चकती कुठे गेली?

14 फेब्रुवारी 1896 रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॉकीचा एक सामना झाला. ही हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची मैदानी हॉकी नव्हे. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच हॉकी समजायची. विनिपेग शहराच्या संघाने त्या दिवशी मॉन्ट्रियलच्या संघाला 2–0 असं हरवून स्टॅन्ली कप हा त्या खेळातला सर्वांत मानाचा करंडक जिंकला. विनिपेगच्या गोलरक्षकाने पायांना क्रिकेटचे पांढरे पॅड बांधले होते, म्हणून तो सामना इतिहासात विशेष लक्षात राहिला. मला मात्र त्या सामन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मॉन्ट्रियलपासून रेल्वेने दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर, विनिपेगमध्येच घडली असं वाटतं. तिथल्या हॉटेलांमध्ये त्या संध्याकाळी लोक गर्दी करून बसले होते. रेल्वे कंपनीच्या तारयंत्रावरून मॉन्ट्रियलहून खबर यायची, ती मोठ्याने वाचून दाखवली जायची आणि ऐकणारे ओरडायचे. एकालाही बर्फ दिसत नव्हता की खेळाडू दिसत नव्हता. तरी ते सगळे मिळून सामना ‘बघत’ होते. आपल्याकडे पानाच्या दुकानापाशी ट्रान्झिस्टरभोवती कसोटी सामन्यासाठी जमलेली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल.

रेडिओ तेव्हा जन्माला यायचा होता आणि कॅनडातला टीव्ही तर पन्नास-पंचावन्न वर्षं दूर होता. म्हणजे बारमध्ये बसून हॉकी बघण्याची सवय टीव्हीमुळे लागली, हा समज खरा नाही. माणसं आधी जमली, पडदा नंतर आला. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या खेळाकडेच बघायला हवं.

हॉकीत चेंडू नसतो, रबराची एक काळी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. व्यास 3 इंच, जाडी 1 इंच, वजन साधारण 160 ते 170 ग्रॅम. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्याआधी तिला गोठवून ठेवतात. रिंक सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद, चारही बाजूंनी फळ्यांचं कुंपण आणि त्यावर काच. एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून बारा खेळाडू बर्फावर असतात आणि खेळ चालू असतानाच ते बदलत राहतात. एक खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावतो, कुंपणावरून उडी मारून बाहेर येतो आणि त्याच क्षणी दुसरा आत जातो. जोरदार फटका बसला तर पक ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जाते. बोस्टनच्या झ्डेनो चाराने 2012 साली एका कौशल्य स्पर्धेत मारलेला फटका ताशी 108.8 मैल, म्हणजे 175 किलोमीटरच्या वेगाचा नोंदला गेला. सामन्यात तर अशा फटक्याच्या वाटेत चार-पाच माणसांचे पाय, काठ्या आणि पाठी असतात.

या गर्दीत पक दिसत नाही. नवख्या माणसाची ही पहिली तक्रार असते आणि ती अगदी रास्त आहे. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने ही तक्रार इतकी मनावर घेतली की 1996 च्या जानेवारीत बोस्टनला झालेल्या ‘ऑल-स्टार’, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यात तिने पकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. पडद्यावर पकभोवती निळसर तेजोवलय दिसायचं आणि फटका जोराचा असला की तिच्यामागे लाल शेपूट उमटायचं. जुने चाहते भयंकर चिडले. दोन वर्षांनी तो प्रयोग बंद पडला. यात चाहत्यांची बाजू बरोबर होती असं मला वाटतं. हॉकी जाणणारा माणूस पक शोधतच नाही. तो खेळाडूंच्या खांद्यांकडे बघतो, गोलरक्षक कुठल्या बाजूला सरकला ते बघतो, कोण अचानक मोकळा झाला ते बघतो, आणि त्यावरून पक कुठे असणार हे ताडतो. ही नजर पुस्तकातून मिळत नाही. ती शेजारी बसलेल्या माणसाकडून येते. बारमधल्या टेबलावर कुणी ‘आता डावीकडून, डावीकडून!’ म्हणून ओरडतो, तेव्हा शेजारच्याची नजर आपोआप डावीकडे वळते. असे शंभर सामने झाले की तो शेजारीच ओरडायला लागतो.

कधी कधी पक खरोखरच कुणाला दिसत नाही. 9 जून 2010 रोजी फिलाडेल्फियात स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना जादा वेळेत गेला होता. शिकागोच्या पॅट्रिक केनने अगदी अवघड कोनातून फटका मारला आणि पक नाहीशी झाली. गोल झाल्याचा लाल दिवा लागला नाही. समालोचकांना कळलं नाही, त्याच्या सहकाऱ्यांनाही कळलं नाही. केन मात्र हातमोजे फेकून रिंकच्या दुसऱ्या टोकाकडे सुसाट निघाला होता. पक जाळ्याच्या तळाशी अडकून बसली होती. 1961 नंतर शिकागोला मिळालेला तो पहिला स्टॅन्ली कप, आणि त्याचा निर्णायक गोल प्रत्यक्ष पाहिल्याचं छातीठोकपणे सांगणारी माणसं फार थोडी. टीव्हीसमोर बसलेल्या हजारो लोकांनी त्या क्षणी आधी एकमेकांकडे पाहिलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

रेडिओने ही नजरेची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. 1923 साली टोरोंटोत हॉकीचं रेडिओ-समालोचन सुरू झालं आणि त्यातूनच फॉस्टर ह्युइट हा आवाज पुढे आला. 1931 मध्ये मेपल लीफ गार्डन्स हे नवं क्रीडागृह बांधलं जात असताना समालोचकाची जागा किती उंचावर असावी, असा प्रश्न निघाला. ह्युइट एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत गेला, एकेक मजला चढत खिडकीतून रस्त्यावरची माणसं न्याहाळत राहिला. पाचव्या मजल्यावरून चालणारा माणूस ओळखूही येतो आणि रस्ताही पूर्ण दिसतो, असं त्याच्या लक्षात आलं. तो मजला जमिनीपासून 56 फूट उंच होता. त्याच उंचीवर छताला लटकणारी त्याची अरुंद खोली बांधली गेली, आणि शनिवारच्या रात्री कॅनडाच्या खेडोपाडी त्याचा आवाज पोचू लागला.

मध्यंतरात काय करायचं, याचं रेडिओवाल्यांनी काढलेलं उत्तर आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. 1939 पासून ‘हॉट स्टोव्ह लीग’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. कडाक्याच्या थंडीत गावच्या दुकानातल्या शेगडीभोवती बसून माणसं खेळावर वाद घालायची, त्याच बैठकीची ही नक्कल. घरी एकट्याने ऐकणाऱ्याला चार माणसांची सोबत हवी असते, हे रेडिओवाल्यांनी ओळखलं होतं. आज टीव्हीवर प्रत्येक खेळाच्या मध्यंतरात सूट घालून बसलेले तज्ज्ञ दिसतात, त्यांचं मूळ अशा शेगडीपाशी आहे.

मग बार कुठे होते? इथे इतिहास जरा वेगळं वळण घेतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी दारूबंदी केली. नंतर ती उठली, पण सरकारच्या मनातला संशय उठला नाही. ब्रिटिश कोलंबियात 1925 नंतर जे ‘बिअर पार्लर’ उघडले, तिथे गाणं-बजावणं नाही, खेळ नाहीत, खायला काही नाही, हातात ग्लास घेऊन उभं राहायचंही नाही. माणसाने खुर्चीवर बसावं, बिअर प्यावी आणि निघावं. ऑन्टारिओत 1934 नंतर बायकांसाठी वेगळी खोली आणि वेगळं दार आलं. त्या खोलीत पुरुषाला जायचं तर बाईबरोबरच जावं लागे. क्वेबेकच्या टॅव्हर्नमध्ये तर बाईला प्रवेशच नव्हता, आणि ही प्रथा पूर्णपणे मोडायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. गोल झाल्यावर अख्खा बार ग्लास उंचावून उभा राहतो, हे दृश्य आज इतकं स्वाभाविक वाटतं. काही प्रांतांत एके काळी ते कायद्याने गुन्हा ठरलं असतं.

1952 च्या ऑक्टोबरात मॉन्ट्रियलहून कॅनडाच्या टीव्हीवर पहिल्यांदा हॉकी आली. समालोचन फ्रेंचमध्ये होतं आणि ते करत होता रेने लकाव्हालिये. इंग्रजी खेळाला त्याने अस्खलित, देखणी फ्रेंच मिळवून दिली. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर क्रिकेट मराठीत रुजवलं, ते काम किती मोठं होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना लकाव्हालियेचं मोल वेगळं सांगायला नको. टीव्हीसंच तेव्हा महाग होते. ज्याच्या घरी संच त्याच्या घरी शेजारपाजारचे, हे तिथेही होतंच. टॅव्हर्नच्या कोपऱ्यात उंचावर बसवलेला संच ही पुढची पायरी. क्वेबेकमध्ये 1984 साली ‘ला काज ओ स्पोर’ ही स्पोर्ट्स बारची साखळी निघाली. तोवर सामना बघण्यासाठीच बांधलेली जागा ही कल्पना सगळ्या उत्तर अमेरिकेत रुजत होती.

या सगळ्यामागे पैसा कुणाचा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मॉन्ट्रियलमध्ये जॉन मोल्सनने 1786 साली बिअरचा कारखाना काढला. 1957 मध्ये याच घराण्याने मॉन्ट्रियल कनेडियन्स हा संघ विकत घेतला. मधल्या काळात तो हातातून गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि 2009 मध्ये घराण्यातल्या भावांनी तो पुन्हा मिळवला. तिकडे क्वेबेक सिटीचा नॉर्डिक्स संघ कार्लिंग ओकीफ या प्रतिस्पर्धी बिअर कंपनीच्या मालकीचा झाला. त्यामुळे 1980 च्या दशकात मॉन्ट्रियल आणि क्वेबेक सिटी एकमेकांना भिडले की बर्फावर दोन शहरं लढायची आणि बारच्या नळावर दोन बिअर. कुठल्या बारमध्ये कुठली बिअर मिळते, यावरून तिथे कुणाच्या बाजूने ओरडायचं याचा थोडाफार अंदाज बांधता येई. कंपन्यांनी चाहत्यांच्या प्रेमाचा धंदा केला, हे खरंच आहे. पण ते प्रेम त्यांनी निर्माण केलं नाही. विनिपेगच्या हॉटेलांत तार ऐकणाऱ्यांना कुणी जाहिरात दाखवली नव्हती.

खेळाची रचनाही बारच्या सोयीची आहे. पूर्वी अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव असत. 1910–11 च्या हंगामापासून वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड आले, म्हणजे मध्यंतरं दोन झाली. प्रत्येक मध्यंतर सतरा-अठरा मिनिटांचं. त्या वेळात झॅम्बोनी नावाचं यंत्र संथ फेऱ्या घालत बर्फ गुळगुळीत करतं आणि बारमध्ये चिकन विंग्जच्या बशा टेबलांवर येतात. या तिखट-आंबट विंग्जचा जन्मही हॉकीवेड्या बफेलो शहरातला. तिथल्या अँकर बारमध्ये 1964 साली त्या पहिल्यांदा तळल्या गेल्या, असं सांगतात. तेव्हा बफेलोचा मोठा संघ सेबर्स अजून स्थापन व्हायचा होता. तो 1970 मध्ये आला.

मध्यंतराची ताकद किती, याचा एक विलक्षण पुरावा एडमंटन शहरात मिळतो. 28 फेब्रुवारी 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकचा अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यात झाला. त्या दुपारी शहरात पाण्याचा वापर कसकसा बदलला, याचा आलेख तिथल्या पाणीपुरवठा कंपनीने नंतर प्रसिद्ध केला. खेळ चालू असताना आलेख खाली बसलेला, आणि प्रत्येक पिरियड संपला की सरळ वर चढलेला. सगळं शहर एकाच वेळी जागेवरून उठत होतं आणि एकाच वेळी परत येऊन बसत होतं.

त्या सामन्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण एकत्र बघणं म्हणजे काय ते त्यात पुरतं दिसतं. कॅनडा 2–1 ने पुढे होता. शेवटचं अर्धं मिनिटही उरलं नव्हतं, अमेरिकेने गोलरक्षक काढून जादा आक्रमक आत पाठवला होता, बारमधली माणसं उभी राहून सेकंद मोजत होती. तेवढ्यात झॅक पारिसेने बरोबरी साधली. 25 सेकंदही शिल्लक नव्हते. लाखो माणसांचा आनंद घशातच अडकला. जादा वेळेत ज्याचा पहिला गोल, तो जिंकला. सात मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर सिडनी क्रॉस्बीने आपल्या साथीदाराला, जरोम इगिनलाला, हाक मारली, कुंपणापाशी पडता पडता इगिनलाने पक दिली, आणि क्रॉस्बीने ती गोलरक्षकाच्या पायांमधून आत घातली. कॅनडात सरासरी 1 कोटी 66 लाख लोक तो सामना बघत होते. त्याचा काही ना काही भाग पाहिलेल्यांची संख्या 2 कोटी 65 लाख सांगितली गेली, म्हणजे देशातल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ चार. बारमध्ये ओळख ना पाळख अशी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, रस्त्यांवर गर्दी लोटली. चार वर्षांनी सोचीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना टोरोंटोत सकाळी सातला आणि अल्बर्टात पहाटे पाचला सुरू होणार होता, तेव्हा कॅनडात काही ठिकाणी बार पहाटे उघडू देण्यासाठी दारूचे नियम सैल करण्यात आले. ज्या देशातल्या काही प्रांतांत एके काळी ग्लास घेऊन उभं राहायला बंदी होती, त्याच देशाची ही गोष्ट.

गर्दीची दुसरी बाजूही आहे. 15 जून 2011 ला व्हँकुव्हरच्या रस्त्यांवर मोठे पडदे लावले होते. घरचा संघ स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना बोस्टनकडून 4–0 असा हरला आणि शहरात जाळपोळ झाली. 1994 मध्येही तिथे अशीच दंगल झाली होती. उघड्या रस्त्यावरच्या लाखभर अनोळखी माणसांपेक्षा बारमधली साठ माणसं मला या कामासाठी बरी वाटतात. तिथे कुणी तोल सोडला तर त्याला नावाने हाक मारणारा एक तरी माणूस असतो.

आता या साठ माणसांत कोण कोण असतं, हा प्रश्न. टॅव्हर्नच्या काळात उत्तर सोपं होतं: पुरुष, बहुतेक गोरे, बहुतेक जवळच्याच कारखान्यातले. डॉन चेरी हा समालोचक त्या जगाचा आवाज होता. मध्यंतरातला त्याचा कार्यक्रम सामन्याइतकाच बघितला जाई आणि त्याच्या नावाचे स्पोर्ट्स बारही निघाले. 2019 च्या नोव्हेंबरात स्थलांतरितांबद्दल तो जे बोलला, त्यावरून वाहिनीने त्याला काढून टाकलं. तोवर बारमधली माणसं बदलून गेली होती. 2008 पासून कॅनडात हॉकीचं समालोचन पंजाबीत होत आलं आहे. 30 मे 2016 रोजी स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेतल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोने शेवटच्या मिनिटांत निर्णायक गोल केला, तेव्हा पंजाबी समालोचक हरनारायण सिंग यांनी ‘बोनिनो’ हे नाव एका दमात पुन्हा पुन्हा उच्चारलं. ती चित्रफीत जगभर पसरली. कप जिंकल्यावर पिट्सबर्गने या पंजाबी समालोचकांना आपल्या विजयसोहळ्याला बोलावलं. ज्या आजी-आजोबांना इंग्रजी समालोचन कळत नसे, ते नातवंडांसोबत बसून ऑफसाइडवर वाद घालू लागले, हा मला या खेळाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत सुंदर बदल वाटतो.

बारची गरज दूर गेलेल्या चाहत्याला सगळ्यात जास्त असते. उत्तर अमेरिकेत सामन्यांचे हक्क प्रदेशवार विकले जातात. बफेलोचा माणूस नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला की त्याच्या संघाचे बरेच सामने घरच्या साध्या टीव्हीवर दिसतच नाहीत. सगळे सामने दाखवणारी वर्गणी महाग पडते, बारवाला ती भरतो. म्हणून परक्या शहरात एखादा बार हळूहळू एखाद्या संघाचा होऊन जातो. भिंतीवर त्याच संघाची जर्सी, आवाज त्याच सामन्याचा, आणि बाकीचे पडदे मूक. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनजवळच्या ‘मेपल लीफ’ या पबमध्ये कॅनडाहून आलेली माणसं वर्षानुवर्षं याच कारणासाठी गोळा होत आली आहेत.

अलीकडे एक नवी पीडा शिरली आहे. इंटरनेटवरून येणारं चित्र प्रत्यक्ष खेळापेक्षा अर्धं-पाऊण मिनिट मागे असू शकतं. खिशातल्या फोनवर गोलची सूचना आधी वाजते, पडद्यावर तोच खेळाडू अजून मध्यरेषेवर असतो. जाणकार बारमध्ये म्हणून फोन पालथे ठेवायचा रिवाज पडू लागला आहे. जो सूचना वाचून आधीच हसतो, त्याच्याकडे अख्खं टेबल रागाने बघतं, आणि ते योग्यच आहे.

बाद फेरीचे सामने आले की बारवाल्याची खरी कसोटी लागते, कारण तिथे बरोबरी चालत नाही. वीस मिनिटांचा जादा पिरियड, गोल नाही झाला तर आणखी वीस, मग आणखी वीस. 1936 साली डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यात असा खेळ सहाव्या जादा पिरियडपर्यंत चालला आणि रात्री सव्वादोन वाजून गेल्यावर मड ब्रुनेटोच्या एकमेव गोलने संपला. 18 मे 2023 ला कॅरोलिना आणि फ्लोरिडा यांचा सामना चौथ्या जादा पिरियडच्या शेवटच्या तेरा सेकंदांत मॅथ्यू टकाचकने निकालात काढला, तेव्हा घड्याळात दोन वाजत आले होते. दोन ही ऑन्टारिओत शेवटची बिअर देण्याची कायदेशीर वेळ. त्यानंतर नळ बंद करावे लागतात, ग्लास उचलावे लागतात. सामना मात्र तेव्हाही चालू असू शकतो, आणि कोरड्या टेबलांभोवती बसलेली माणसं गोलरक्षक कुठल्या बाजूला सरकतो आहे यावर डोळे लावून असतात.